एकाच तिथीला

तो दगड मीच उभा केला, होसान गावात, बस थांब्यासमोर.
अकरा टन ग्रॅनाइट. माझी क्रेन लहान,
म्हणून जिल्ह्याहून मोठी मागवली,
आणि वरचा मजकूर वाचायला वेळच मिळाला नाही,
असं मी सगळ्यांना सांगतो.
खोटं आहे ते.
दोराला लटकलेला दगड सावकाश फिरतो,
एकेक अक्षर तोंडासमोरून जातं:
'व्हिएतनामच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या आमच्या शूर सुपुत्रांस.'
खाली एकोणचाळीस नावं. सव्विसावं पेंग दोक-सू.
माझा बाप.

बाप घरी नखं घासून बोथट करत असतो.
तिकडच्या रानावर विमानातून फवारलेलं औषध
अजून त्याच्या पाठीवर उगवतं, चट्ट्याचट्ट्यांनी.
सत्तावन्न वर्षं खाजवतोय. सत्तावन्न वर्षं गप्प.
झाकली मूठ.
तिच्या बदल्यात देशाला महामार्ग मिळाला,
आमच्या घराला कौलं, एक गाय.
सव्वा लाखाची होती खरी.

माझी बायको न्हान तिकडचीच.
लग्न जमवणाऱ्यानं फोटो आणला तेव्हा
बापानं तो उलटा करून मागे लिहिलेला जिल्हा वाचला
आणि भात अर्धा टाकून नासपतीच्या बागेत निघून गेला.
मला वाटलं, परकी सून नको असेल.

तालुका कार्यालयातून कुक-बाई आल्या, गोड बोलल्या:
अनावरणाला तुमच्या मिसेसनी तिकडचा पोशाख घालून यावं,
आजोबांच्या हातात फुलं द्यावीत,
फोटो छान येईल. दोन देशांची मैत्री.
न्हाननं तारीख विचारली.
मग कॅलेंडरातल्या बारीक चांद्र तिथ्यांवर
बोट ठेवून मोजत राहिली,
गॅसवरची भाजी करपेपर्यंत.

'त्या दिवशी मला पान वाढायचंय.'
कुणाचं?
'गावाचं.'
आमच्याकडे श्राद्ध एकाच तिथीला असतं, ती म्हणाली,
सगळ्या आळीचं.
बाजारात केळीची पानं पुरत नाहीत.
कुणी कुणाला जेवायला बोलावत नाही,
बोलावणार कुणाला,
ज्याच्या त्याच्या घरी ताटं मांडलेली.
माझी आजी त्या दिवशी मावशीकडे गेली होती, म्हणून मी आहे.

बारा वर्षांत तिनं हे सांगितलं नव्हतं.
मी विचारलं नव्हतं.
लग्नात आहेर मोजायला बरा वेळ होता मला.

अनावरणाला बोचरा वारा होता. बँड होता.
पडद्याची गाठ सुटेना म्हणून शिडी धरायला मलाच बोलावलं.
वरून सगळं गाव दिसत होतं, टोप्या, पदकं,
पहिल्या रांगेत एक रिकामी खुर्ची, तिच्यावर फुलांचा गुच्छ.
पेंग आजोबांनी दोन शब्द बोलावेत, कुणीतरी म्हणालं.
बापानं माइक दोन्ही हातांनी धरला.
'तिथे एक विहीर होती,' तो म्हणाला.
'पाणी गोड होतं.
सकाळी आम्ही सगळे तिथेच प्यायलो.'
थांबला.
'संध्याकाळी नाही प्यायलो.'

कुणी खोकलं. कुणी चुकून टाळी वाजवली,
एकच, आणि तो हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना.
बँडमास्तरनं काठी उचलली.
लाज वेशीवर टांगतात म्हणे.
आम्ही तर ती उभी केली होती,
पायात सिमेंट ओतून, ओळंबा लावून,
सरकारी खर्चानं.

घरी आलो. जमिनीवर ओळीनं वाट्या,
भांडी कमी पडली म्हणून चहाचे कप,
माझा क्रेनवरचा स्टीलचा डबासुद्धा.
न्हान उदबत्त्या लावत होती.
बाप उंबऱ्यापाशी थांबला, पदक छातीवर, बूट पायात.
तिनं त्याला 'आत या' म्हटलं नाही.
'जा' असंही नाही.
मी दोघांच्या मधे, खिशात क्रेनची किल्ली,
आणि डोक्यात, काय सांगू, भलताच हिशेब:
अकरा टन खाली उतरवायला परवाना कुणाचा लागतो?

धूर दारातून बाहेर जात होता,
त्याच्या अंगावरून.
तो बाजूला झाला नाही.